बँकेने कापलेला विमा घराचा की माणसाचा?

बेळगावच्या वडगावहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात:

"वडगावात सासूबाईंच्या नावचं जुनं कौलारू घर आहे. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. पुढचा सोपा आणि दोन खोल्या एका मागवाल्याला भाड्याने दिल्यात, त्याचे चार माग तिथं चालतात. मागे एक कुटुंब राहतं. यजमान उद्यमबागेत नोकरीला असताना कर्ज काढून आम्ही मच्छेला दुमजली घर बांधलं. तिथं कॉलेजची आठ मुलं राहतात. यजमान आता निवृत्त झालेत, भाड्यावरच आमचं चालतं. कर्ज देताना बँकेने विम्याचे ४८ हजार एकदम कापून घेतले होते, म्हणून घराला विमा आहे असं आम्ही धरून चाललो. आता एक एजंट म्हणतो, मच्छेच्या घराची किंमत ९० लाख आहे, तर तेवढ्याचा विमा काढा. वडगावच्या घराला विमा मिळतच नाही, असंही तो म्हणतो. पुढच्या वर्षी मच्छेच्या गच्चीवर पत्रा मारून मुलांसाठी मेस काढायचा विचार आहे. यजमान म्हणतात, उगीच खर्च नको. पाऊस तोंडावर आलाय. काय करावं?"

ताई, पत्र दोनदा वाचलं. तुमची मिळकत दोन छपरांखाली आहे आणि त्यातल्या एकालाही विमा नसावा अशी मला दाट शंका आहे. म्हणून मेस, ९० लाख हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी कपाटातून बँकेचा तो कागद काढा.

त्या कागदावर यजमानांचं नाव, जन्मतारीख आणि नॉमिनी म्हणून तुमचं नाव असेल, 'लाइफ अ‍ॅश्युअर्ड' असे शब्द असतील, तर तो घराचा विमा नव्हे, यजमानांच्या आयुष्याचा आहे. कर्ज फिटण्याआधी त्यांचं काही बरंवाईट झालं तर विमा कंपनी उरलेलं कर्ज भरेल, एवढाच त्याचा अर्थ. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण उद्या मच्छेच्या घराला आग लागली तर त्यातून एक पैसा मिळणार नाही. घराच्या पॉलिसीवर घराचा पत्ता असतो, चौरस फूट असतात, बांधकाम कसलं ते असतं, आणि पुराचा, आगीचा, वादळाचा उल्लेख असतो. सर्व्हेअर म्हणून, म्हणजे विम्याच्या दाव्यात नुकसान तपासणारी म्हणून, मी या भागात बरीच वर्षं काढली. नुकसान झालेल्या घरात जाऊन पॉलिसी मागायची आणि हातात आयुष्याच्या विम्याचा कागद पडायचा, असं इतक्या वेळा झालंय की त्या घरातल्या बायकांचे चेहरे अजून डोळ्यांपुढे येतात. हप्ता भरलेला असतो, माणसं प्रामाणिक असतात, आणि कागद भलत्याच गोष्टीचा निघतो.

बँकेने घराचाही विमा काढला असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर दोन गोष्टी बघा: मुदत कधी संपते, आणि रक्कम घर पुन्हा बांधायला पुरेल एवढी आहे की फक्त कर्जाएवढी. कर्जाएवढी असेल तर बँक सुरक्षित आणि तुम्ही उघड्यावर.

आता ९० लाखांचं. ते घेऊ नका. ९० लाखांत मच्छेच्या जागेची किंमतही धरलेली आहे, आणि जागा जळत नाही, वाहूनही जात नाही. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात इमारतीची रक्कम काढायची रीत ठरलेली आहे: कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापराची जागा) गुणिले आजचा बांधकामाचा दर. समजा तुमचा कार्पेट एरिया १,८०० चौरस फूट आहे आणि तुमचा मेस्त्री २,००० रुपये दर सांगतो, तर ३६ लाख झाले. ९० लाखांचा हप्ता भरलात तरी घर पुन्हा उभं करायचा जो खर्च, त्यापलीकडे कंपनी देणार नाही. जास्तीचा हप्ता वाया जाणार.

हीच पॉलिसी मी तुम्हाला मच्छेसाठी सुचवेन. आग, वीज, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, पाणी साचणं, दरड, दंगल, पाण्याची टाकी फुटणं, हे सगळं तिच्यात आधीच धरलेलं आहे. इमारतीचा विमा घेतला की आतल्या सामानाचा इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप येतो. तुमच्या ३६ लाखांवर ते ७ लाख २० हजार झाले. पण हे सामान तुमचं, म्हणजे तुम्ही दिलेले पलंग, कपाटं, गीझर, मोटार. मुलांचे लॅपटॉप त्यात येत नाहीत, हे मुलांना आधीच सांगून टाका. आणखी एक मोठा फायदा म्हणजे रक्कम थोडी कमी पडली म्हणून कंपनीला या पॉलिसीत दाव्याला कात्री लावता येत नाही. पॉलिसी दहा वर्षांपर्यंत एकदम घेता येते, आणि बांधकामाचे दर वाढतात म्हणून रक्कम दरवर्षी १० टक्के आपोआप वाढत जाते. वर्षाचा हप्ता सहसा एका खोलीच्या महिन्याच्या भाड्याहून जास्त होत नाही. यजमानांना हे जरूर सांगा, त्यांच्या काटकसरीला ते पटेल.

भाड्याचं काय, हा तुमचा खरा प्रश्न, कारण घर भाड्यावर चालतं. पॉलिसीत धरलेल्या कारणाने घर राहण्याजोगं उरलं नाही, तर दुरुस्तीला लागणाऱ्या काळातलं बुडालेलं भाडं याच पॉलिसीतून मिळतं. त्यासाठी ते भाडं मुळात मिळत होतं हे दाखवावं लागतं. तुम्ही मुलांकडून रोखीने घेता की खात्यावर? रोखीने घेत असाल तर या महिन्यापासून खात्यावर घ्या, आणि प्रत्येकाशी भाडेकरार करा. ११ महिन्यांचा स्टॅम्पपेपरवरचा करार आपल्याकडे सगळेच करतात, पण आठ मुलं आणि करार एकाच मुलाशी, असंही सर्रास चालतं. तसं करू नका. भाडेकरूने भाडं थकवलं, डिपॉझिट संपेपर्यंत राहून पसार झाला, हे मात्र यात येत नाही. त्याला पोलिसांतली नोंद आणि करार हाच उपाय.

आता तीन गोष्टी अशा, ज्या मच्छेच्या घराबाबत तुम्ही कंपनीला लेखी कळवायलाच हव्यात. एक, घर भाड्याने दिलंय आणि कुणाला दिलंय. अर्ज एजंट भरतो, इंग्रजीत भरतो, आणि 'स्वतः राहतात' यावर खूण करून मोकळा होतो, कारण त्यात प्रश्न कमी येतात. सही मात्र तुमची असते. अर्जातली प्रत्येक ओळ त्याच्याकडून मराठीत समजावून घ्या आणि सही केलेल्या अर्जाची झेरॉक्स ठेवा. दोन, परीक्षा झाल्या की मुलं गावी जातात आणि घर महिना-दीड महिना बंद असतं. ३० दिवसांहून जास्त बंद राहणार असेल तर आधी कळवा. तीन, गच्चीवरचा पत्रा. पॉलिसी घेतल्यानंतर कार्पेट एरिया १० टक्क्यांहून जास्त वाढला आणि जादा हप्ता भरून तशी नोंद करून घेतली नसेल, तर वाढीव भागाला संरक्षण नसतं. तुमच्या १,८०० फुटांचे १० टक्के म्हणजे १८० फूट. मेस काढण्याएवढा पत्र्याचा हॉल त्याहून मोठाच होणार.

आणि मेस काढलीत की प्रश्न फक्त पत्र्याचा उरत नाही. मुलांना खोल्या देणं म्हणजे राहण्यासाठी भाड्याने देणं. बाहेर बोर्ड, आत स्वयंपाकी, दोन वेळचं जेवण विकत, हा धंदा झाला. घराच्या पॉलिसीत तो बसत नाही. त्याला 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही धंद्यासाठीची पॉलिसी लागेल. मी म्हणेन, मेस यंदा राहू द्या. नाहीच ऐकलंत तर निदान गॅसचं नीट बघा. तेल कंपन्यांनी गॅसच्या अपघातासाठी ग्राहकांचा विमा काढलेला असतो. मृत्यू झाला तर माणशी ६ लाख, उपचाराला माणशी २ लाखांपर्यंत, मालमत्तेच्या नुकसानीला २ लाखांपर्यंत. पण मालमत्तेचं नुकसान ज्या पत्त्यावर कनेक्शन नोंदलेलं आहे तिथलंच धरतात. वडगावच्या पत्त्यावरची टाकी मच्छेच्या गच्चीवर नेऊन मेस चालवली, तर तो आधार हातचा गेला. घरगुती टाकी धंद्याला वापरणं बेकायदा आहे, हे वेगळंच.

गॅसवरून एक आठवलं. बेळगावच्या थंडीत मुलांना गरम पाणी लागतंच. बाथरूममध्ये गॅस गीझर लावला असेल तर तो आजच बाहेर काढून घ्या. कोंदट न्हाणीत त्याचा विषारी वायू साठतो, वास येत नाही, आणि आत गेलेलं पोर बाहेर येत नाही. घराच्या पॉलिसीत तुमच्या भाडेकरूच्या जिवाची भरपाई नसते. दुसऱ्याच्या नुकसानीची तुमच्यावर येणारी जबाबदारी झाकायला वेगळा विमा मागून घ्यावा लागतो. तो मागा. पण गीझर आधी हलवा.

आता वडगावचं घर. हे पत्र लिहायला मला वेळ लागला तो या घरामुळे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये बळ्ळारी नाला फुगला तेव्हा शहापूर-वडगावच्या खालच्या अंगाला मी एका घरात गेले होते. तुमच्यासारखंच घर. सोप्यात दोन माग. पाणी ओसरून दोन दिवस झाले होते. भिंतीवर मांडीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ, आणि त्या रेघेखाली भिंतीचं पोट सुटलेलं, बोट लावलं तर माती निघत होती. मागाच्या बीमवर, म्हणजे रुळावर, गुंडाळलेलं सूत चिखलाने एकजीव झालं होतं. घरमालकीण रेघेकडे बघत म्हणाली, "बाई, भिंत उभी हाय की अजून." ती तिसऱ्या दिवशी रात्री पडली. विमा होता, घराचाच होता. पण अर्जात 'राहतं घर' एवढंच लिहिलेलं होतं आणि सोप्यात माग होते. त्या दाव्यावर किती महिने कागद फिरले ते सांगून तुम्हाला घाबरवत नाही. शेवटी मागच्या खोल्यांचे थोडेफार पैसे मिळाले, सोप्याचे नाहीत.

तुमच्या घरात चार माग चालतात. म्हणजे ते अर्धं घर आणि अर्धा कारखाना आहे, आणि विम्याला तसंच सांगायला हवं. मागचं कुटुंब राहतं तो भाग घराच्या पॉलिसीत आणि पुढचा सोपा व दोन खोल्या सूक्ष्म उद्यमच्या पॉलिसीत, अशी सरळ विभागणी कंपनीकडून लेखी करून घ्या. धंद्याच्या पॉलिसीत एक फरक लक्षात ठेवा. तिथं रक्कम कमी लावली तर दावाही त्या प्रमाणात कापतात, १५ टक्क्यांपर्यंतची कमतरता फक्त सोडून देतात. पुढचा भाग पुन्हा बांधायला १० लाख लागणार असतील आणि तुम्ही ६ लाखांचाच विमा घेतला असेल, तर २ लाखांच्या नुकसानीचे १ लाख २० हजारच हातात येतील. इथं काटकसर महाग पडते.

'विमा मिळतच नाही' हे एजंटाचं म्हणणं मला मान्य नाही. मातीच्या भिंती, लाकडी तुळया, मंगळुरी कौलं असं जसं आहे तसं लिहा. एखादी कंपनी नको म्हणेल, एखादी पाहणी करून जास्त हप्त्याने घेईल. सरकारी कंपन्यांच्या बेळगावातल्या शाखेत स्वतः जाऊन विचारा. नको म्हणाले तर निदान खरं काय ते कळेल. एक अडचण मात्र राहतेच. वर्षानुवर्षांची ओल, सडलेले वासे, कौलांतून झिरपून मऊ झालेली भिंत, हे झिजेचं नुकसान, त्याला विमा नाही. संततधारेत भिंत पडली की पावसाने पडली की आधीच झिजली होती, यावरच वाद होतो. म्हणून मृगाच्या आधी कौलं चाळून घ्या, परड्याकडचं पाणी भिंतीला लागू नये म्हणून चर काढा, आणि ते केल्याची पावती व फोटो ठेवा. फोटो चारी कोपऱ्यांतून काढा, तारखेसह, आत-बाहेर दोन्ही. दाव्याच्या वेळी 'पावसाआधी भिंत धड होती' हे सांगायला तुमच्याकडे दुसरं काहीही नसतं.

मागांमुळे वायरिंगवर ताण येतो तो वेगळाच. हेस्कॉमकडून, म्हणजे वीज कंपनीकडून, मंजूर झालेला भार आणि प्रत्यक्ष चालणाऱ्या मोटारी यांचा मेळ आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. शॉर्टसर्किटने जळलेली मोटार विम्यात येत नाही. त्यातून आग पसरून घर पेटलं तर ते नुकसान येतं. आग लागल्यावर पहिला प्रश्न मीटरचाच निघतो.

आणि उतारा! घर अजून सासूबाईंच्या नावावर आहे असं तुम्ही सहज लिहून गेलात. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ तीच. मृत व्यक्तीच्या नावावरच्या घराचा दावा करायला गेलात की नणंदा, दीर, सगळ्यांच्या सह्या, वारसा दाखला, संमतिपत्रं मागतात, आणि भिंत तोवर पडलेली असते. महापालिकेत वारसांची नावं चढवून घ्या. ते होईपर्यंत पॉलिसी सगळ्या वारसांच्या नावाने काढा, एकट्या यजमानांच्या नावाने नको. घरफाळ्याच्या पावत्या चालू ठेवा. उतारा कन्नडमध्ये, पॉलिसी इंग्रजीत, आधारवर तिसरंच स्पेलिंग, हे आपल्या भागात घरोघरी आहे. नाव आणि सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर तिन्ही ठिकाणी जुळवून घ्या.

यजमान म्हणतील, पुरात सरकार देतं की. २०१९ ला पूर्ण पडलेल्या घरांसाठी राज्य सरकारने ५ लाखांची मदत जाहीर केली होती, खरं आहे. पण ती जाहीर होईल की नाही, तुमचं घर 'पूर्ण' धरतील की 'अंशतः', हे आपल्या हातात नसतं. आणि एका घरात आग लागली तर सरकार काही जाहीर करत नाही.

हप्त्याची करात सूट मिळेल का, असंही कोपऱ्यात विचारलंय. वेगळी मिळत नाही. घरभाड्याच्या उत्पन्नातून घरफाळा वजा करून उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, त्यातच दुरुस्ती आणि विमा आला असं धरतात.

उद्या काही झालंच तर त्याच दिवशी कंपनीला कळवा, दाव्याचा नंबर लिहून घ्या, आणि सर्व्हेअर येईपर्यंत पडझड उचलू नका. कौलं, भिजलेलं सामान, सगळं तिथंच राहू द्या, फक्त माणसं बाहेर काढा. कंपनीने दावा नाकारला किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथं चालतात, फी नाही, वकील लागत नाही, पण नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं. विमा नियामकाचा तक्रारीचा नंबर १५५२५५.

शेवटी तुमच्या मागवाल्याविषयी. त्याचे चार माग तुमच्या विम्यात येणार नाहीत, आणि हे त्याला बहुधा कुणी सांगितलेलं नसेल. त्याने स्वतःची पॉलिसी काढायला हवी. तो मजुरीवर विणत असेल तर बीमवरचं सूत त्याचं नसतं, ज्याने दिलं त्या व्यापाऱ्याचं असतं. दुसऱ्याचा माल आपल्या ताब्यात आहे, हे त्याच्या पॉलिसीत वेगळं लिहून घ्यावं लागतं, नाहीतर माग गेले ते गेलेच, वर सुताचं कर्जही डोक्यावर बसतं. मागे राहणाऱ्या कुटुंबालाही फक्त सामानाचा विमा घेता येतो, घर स्वतःचं असावं लागत नाही. दोघांना एका संध्याकाळी सोप्यात बसवून हे सांगा. आणि बँकेच्या त्या कागदाचा दोन्ही बाजूंचा फोटो मला पाठवा, तो नेमका कशाचा आहे ते बघून लगेच कळवते.